रिटर्नमधली चूक सुधारताना नवरा-बायकोचे कागद एकत्र आणा

२०२५ साली आयकर रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली आणि अगदी शेवटी आणखी एक दिवस वाढून १६ सप्टेंबर झाली. गणपती २७ ऑगस्टला बसले. म्हणजे गोव्यातल्या पुष्कळ घरांतले रिटर्न माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताच्या) सामानाच्या आणि पाहुण्यारावळ्यांच्या गडबडीत भरले गेले. मग दिवाळी उरकते. लोक बँकेची पत्रं, पासबुकं काढून बसतात तेव्हा ध्यानात येतं की एका ठेवीचं व्याज राहिलं, एक चलन दाखवलंच नाही, नाहीतर फॉर्मच चुकीचा निवडला. मी फोंड्याला रिटर्न भरायचं काम करते आणि हे दोन महिने माझ्याकडे येणारी मंडळी भरायला कमी, दुरुस्त करायला जास्त येतात. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या, म्हणजे निर्धारण वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नसाठी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वेळ होता. घाबरायचं कारण नव्हतं, पण रेंगाळायलाही जागा नव्हती.

सगळ्यात आधी आपलं रिटर्न कुठे पोचलंय ते पाहा. पोर्टलवर लॉगिन करा, ई-फाइलमध्ये जा, इन्कम टॅक्स रिटर्न्स आणि त्याखाली व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स. रिटर्न फक्त अपलोड झालंय, व्हेरिफाय झालंय, की बेंगळुरूच्या सीपीसीने (आयकर विभागाच्या प्रक्रिया केंद्राने) प्रोसेस करून इंटिमेशनही (हिशोब तपासल्याचं पत्र) पाठवलंय, हे तिथे ओळीने दिसतं. कुठली दुरुस्ती करायची ते यावरून ठरतं. लोक हे न पाहता थेट रेक्टिफिकेशनचं (विभागाकडून झालेली चूक दुरुस्त करायच्या अर्जाचं) बटण दाबतात, अर्ज नामंजूर होतो, आणि डिसेंबर निघून जातो.

रिटर्न अपलोड केलंय पण व्हेरिफाय केलेलं नाही, असं असेल तर तिथेच डिस्कार्डचा पर्याय आहे. ते रिटर्न रद्द करून नव्याने भरता येतं. मात्र मुदत संपल्यावर डिस्कार्ड केलंत तर नवं रिटर्न उशिराचं धरलं जातं. त्यावर उत्पन्नाप्रमाणे १,००० किंवा ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागतं, जुनी करपद्धत निवडता येत नाही, आणि शेअर किंवा जमिनीतला तोटा पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. म्हणून रिटर्न मुदतीत अपलोड केलं असेल आणि ३० दिवस उलटायचे असतील, तर डिस्कार्ड करू नका. आधी आधार ओटीपीने व्हेरिफाय करा आणि मग सुधारित रिटर्न भरा. ३० दिवस उलटून गेले असतील तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच भरल्याची तारीख मानली जाते, हे लक्षात ठेवा.

व्हेरिफाय झालेल्या रिटर्नसाठी कलम १३९(५) चं सुधारित रिटर्न. उत्पन्न राहिलं, वजावट राहिली, फॉर्म चुकला, टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) सुटला, सगळं यात बसतं. इंटिमेशन आलं म्हणजे आता काही करता येणार नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. कलम १४३(१) ची इंटिमेशन आल्यावरही ३१ डिसेंबरपर्यंत, पूर्ण असेसमेंट झालेलं नसेल तर, रिटर्न सुधारता येतं. उशिरा भरलेलं रिटर्नही सुधारता येतं. सुधारणा एकदाच करावी असंही नाही.

सुधारित रिटर्न हे पहिल्याला जोडलेलं पुरवणीचं पान नव्हे. ते पहिल्याची जागाच घेतं. चुकलेला एक आकडा भरून चालत नाही, सगळं पुन्हा भरायचं. निवृत्तिवेतन, व्याज, वजावटी, बँक खातं, आणि तुम्ही स्वतः भरलेल्या कराचं चलनसुद्धा. बँकेचा सात आकडी बीएसआर कोड, चलनाचा पाच आकडी क्रमांक, तारीख, रक्कम. हे चलन दुसऱ्यांदा टाकायचं राहून गेलं की भरलेला कर न भरल्यासारखा दिसतो आणि मागणीची नोटीस येते. सुरुवातीला मूळ रिटर्नचा पंधरा आकडी पोच क्रमांक आणि तारीख विचारतात, ती पोचपावती समोर ठेवूनच बसा.

आता मुख्य गोष्ट.

आपल्याकडे सर्वांत जास्त सापडणारी चूक पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात तुम्हाला वाचायला मिळणार नाही, कारण ती तिकडे सहसा घडत नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यातली सामायिक मालमत्तेची पद्धत चालते. लग्न या कायद्याखाली झालेलं असेल आणि लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवायचा करार केलेला नसेल, तर आयकर कायद्याचं कलम ५ए लागतं. पगार आणि निवृत्तिवेतन ज्याचं त्याचं. बाकी सगळं, म्हणजे ठेवीचं व्याज, घरभाडं, धंद्याचा नफा, जमीन विकून झालेला फायदा, नवरा-बायकोंत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. ठेव कोणाच्या नावावर आहे, याने काही फरक पडत नाही. नुसतं बदली होऊन गोव्यात राहायला आलं म्हणून मात्र हे कलम लागत नाही. तुमच्या लग्नाला कोणता कायदा लागतो ते पाहायचं.

असं उत्पन्न ज्यांचं वाटलं जातं त्यांना आयटीआर-१ आणि आयटीआर-४ भरता येत नाही. धंदा नसेल तर आयटीआर-२, असेल तर आयटीआर-३. आणि होतं काय? मोबाइलवर पोर्टल उघडलं की सगळं आधीच भरलेलं आयटीआर-१ समोर येतं. पेन्शन आहे, व्याज आहे, टीडीएस आहे. माणूस खूश होतो आणि सबमिट करतो.

एक उदाहरण पूर्ण आकड्यांनिशी मांडते. माझ्याकडे येणाऱ्या अनेक जोडप्यांचं चित्र साधारण असंच असतं. मास्तर निवृत्त, वर्षाची पेन्शन ६,००,०००. त्यांच्या नावच्या ठेवींचं व्याज २,४०,०००, त्यावर बँकेने १० टक्क्यांनी २४,००० टीडीएस कापलेला. पत्नी घर सांभाळते, तिच्या नावच्या ठेवीचं व्याज ३६,०००, टीडीएस नाही. मास्तरांनी नव्या करपद्धतीत आयटीआर-१ भरलं. पेन्शनमधून प्रमाणित वजावट ७५,००० गेली, राहिले ५,२५,०००. त्यात व्याज २,४०,०००. एकूण ७,६५,०००. कर २६,५०० आणि ४ टक्के उपकर १,०६०, मिळून २७,५६०. टीडीएस वजा जाता ३,५६० त्यांनी स्वतः भरले. पत्नीने रिटर्न भरलंच नाही. तिच्या नावावर उत्पन्न ते किती, असं घरातल्या सगळ्यांचंच मत.

कलम ५ए प्रमाणे दोघांचं व्याज मिळून २,७६,०००, प्रत्येकी १,३८,०००. मास्तरांचं एकूण उत्पन्न ६,६३,००० होतं. २०२४-२५ साली नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट होती, म्हणजे कर शून्य. पत्नीचं १,३८,०००, तिथेही कर शून्य. मास्तरांना अर्धा टीडीएस १२,००० आणि स्वतः भरलेले ३,५६० परत मिळायला हवेत, पत्नीला उरलेले १२,०००. पेन्शनवर चालणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही. दोन रिटर्न नीट भरली तर ती हक्काने परत येते, म्हणूनच मी हे इतकं लावून धरते.

मास्तरांचं सुधारित रिटर्न असं करायचं. निर्धारण वर्ष २०२५-२६, प्रकार १३९(५), फॉर्म आयटीआर-२. मूळ रिटर्न आयटीआर-१ असलं तरी सुधारताना फॉर्म बदलता येतो. सर्वसाधारण माहितीच्या भागात तुम्ही कलम ५ए प्रमाणे पोर्तुगीज नागरी कायद्याखाली येता का, असा प्रश्न आहे. तिथे होय. मग शेड्यूल ५ए उघडतं. त्यात पत्नीचं नाव, पॅन आणि आधार. खाली उत्पन्नाच्या प्रकारांप्रमाणे ओळी आहेत: घर, धंदा, भांडवली नफा, इतर. पगाराची ओळच नाही, कारण पगार वाटलाच जात नाही. व्याज इतर उत्पन्नाच्या ओळीत येतं, आणि तिथे चार आकडे लागतात. मिळालेलं उत्पन्न २,४०,०००. पत्नीच्या वाट्याचं १,२०,०००. त्यावर कापलेला टीडीएस २४,०००. पत्नीच्या वाट्याचा टीडीएस १२,०००.

पत्नीच्या शेड्यूल ५ए मध्ये याच ओळीत ३६,०००, पतीच्या वाट्याचे १८,०००, आणि टीडीएसच्या जागी दोन्हीकडे शून्य.

दोघांची ही शेड्यूल्स छापून समोरासमोर ठेवा. मास्तरांनी १,२०,००० सोडले, ते पत्नीच्या उत्पन्नात दिसले पाहिजेत. पत्नीने १८,००० सोडले, ते मास्तरांच्या उत्पन्नात दिसले पाहिजेत. एका बाजूला सोडलं आणि दुसऱ्या बाजूला घेतलं नाही, तर ते उत्पन्न लपवलंय असंच कागदावर दिसतं.

टीडीएसच्या शेड्यूलमध्ये वेगळी काळजी. कापलेला कर २६एएस मध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात) मास्तरांच्या पॅनवर आहे. पत्नीच्या रिटर्नमध्ये हे १२,००० दाखवताना, हा कर दुसऱ्याच्या म्हणजे कलम ५ए खालच्या जोडीदाराच्या पॅनवर कापलाय, हा पर्याय निवडायचा आणि मास्तरांचा पॅन टाकायचा. मास्तरांनी आपल्या रिटर्नमध्ये पूर्ण २४,००० मागायचे नाहीत, १२,००० च मागायचे. दोघांनी मिळून कापल्यापेक्षा जास्त मागितलं तर दोघांचाही परतावा अडकतो.

संयुक्त ठेव असली की वाटणी आपोआप झाली असं धरून चालणारे खूप भेटतात. संयुक्त ठेवीतही बँक टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर कापते. वाटणी रिटर्नमध्येच करावी लागते.

पत्नीने मूळ रिटर्न भरलेलं नसल्यामुळे तिला सुधारित भरता येणार नाही. तिला कलम १३९(४) चं उशिराचं रिटर्न भरावं लागेल, त्याचीही मुदत ३१ डिसेंबरच. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत आहे आणि परदेशवारी, मोठं वीज बिल यांसारख्या दुसऱ्या कारणाने रिटर्न सक्तीचं होत नसेल, तर विलंब शुल्क लागत नाही. तिचं बँक खातं पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट (आधी पडताळणी) झालेलं हवं आणि तिचा मोबाइल आधारला जोडलेला हवा. घरच्या बायकांच्या बाबतीत ओटीपी नेमका मुलाच्या जुन्या नंबरवर जातो, म्हणून ही दोन कामं आठवडाभर आधी करून ठेवा.

मास्तरांच्या एआयएसमध्ये (विभागाच्या वार्षिक माहिती पत्रकात) व्याज पूर्ण २,४०,००० दिसणार. ते चुकीचं नाही, त्यावर हरकत नोंदवू नका. हरकत तेव्हा घ्यायची जेव्हा नोंद दोनदा आली असेल किंवा ती तुमची नसेलच. इथे उत्तर शेड्यूल ५ए मध्ये आहे, आणि विचारणा आलीच तर तेच दाखवायचं.

कधी कधी वाटणीने कर वाढतो. नवरा-बायको दोघंही नोकरीत, बायकोचा पगार मोठा, आणि ठेवी नवऱ्याच्या नावावर, तर बायकोच्या वाट्याला आलेलं व्याज वरच्या दराने करात जातं. अशा वेळी लोक विचारतात, नाही केली वाटणी तर चालेल ना? मी प्रत्येकाला एकच सांगते: नाही चालत. वाटणी निवडायचा पर्याय नाही, तो कायदा आहे. परतावा मिळतो त्या वर्षी ५ए आणि कर वाढतो त्या वर्षी साधं रिटर्न, हे दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवले की लगेच उघडं पडतं.

भाड्याचंही तसंच. पर्यटकांना खोल्या देता, कळंगुटला एक फ्लॅट भाड्याने आहे, डिचोलीची जमीन विकली, तर मालकी कागदावर एकट्याची असली तरी वाटणी करायची. जमीन विकताना खरेदीदाराने टीडीएस कापला असेल तर तोही वाटायचा.

जहाजावर असलेल्यांसाठी एवढंच: आयटीआर-१ हे निवासी माणसाचं रिटर्न आहे. वर्षातले बरेच दिवस बोटीवर गेले असतील तर निवासी स्थिती आधी तपासा, सीडीसीवरच्या (खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या) तारखा मोजा, आणि ती चुकली असेल तर तीसुद्धा डिसेंबरच्या आत सुधारा.

इंटिमेशन आलं की ते उघडा. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकड्यांत, मध्ये जागा न सोडता. आत दोन रकाने असतात. एका बाजूला तुम्ही भरलेले आकडे, दुसऱ्या बाजूला विभागाने धरलेले. एकेका ओळीवर पट्टी ठेवून खाली या. जिथे दोन आकडे वेगळे दिसतील, तिथेच सगळं कारण आहे. बहुतेक जण पहिल्या पानावरची मागणीची रक्कम बघतात, घाबरतात आणि पैसे भरून मोकळे होतात. असं करू नका. तुम्ही रिटर्नमध्ये बरोबर दाखवलंय आणि विभागाने धरलं नाही, उदाहरणार्थ २६एएस मध्ये दिसणाऱ्या टीडीएसचं क्रेडिट दिलं नाही, तर कलम १५४ खाली रेक्टिफिकेशन मागायचं. सर्व्हिसेसमध्ये रेक्टिफिकेशन, तिथे रिटर्न पुन्हा प्रोसेस करा किंवा टॅक्स क्रेडिट जुळत नाही, यांपैकी योग्य तो पर्याय. ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंत हे करता येतं. अर्ज आल्याचा महिना संपल्यापासून सहा महिन्यांत विभागाने तो निकालात काढायचा असतो.

रेक्टिफिकेशन हे कागदावर उघड दिसणाऱ्या चुकीसाठी आहे. नवी वजावट, विसरलेलं उत्पन्न, राहिलेली ५ए ची वाटणी त्यात घुसवता येत नाही. त्यासाठी सुधारित रिटर्नच. पत्नीच्या १२,००० टीडीएसचं क्रेडिट नाकारलं गेलं असेल तर तिचा अर्ज करण्याआधी पतीचं रिटर्न उघडा. त्याने पूर्ण टीडीएस स्वतःकडेच ठेवला असेल तर चूक तिकडे आहे, आणि आधी ते सुधारायला हवं.

दोन नोटिसा मुदतीच्या असतात. रिटर्न सदोष आहे अशी कलम १३९(९) ची आली तर १५ दिवसांत उत्तर. आकड्यांत बदल प्रस्तावित केलाय अशी कलम १४३(१)(ए) ची आली तर ३० दिवसांत. दोन्ही ई-मेलवर येतात. ते ई-मेल खातं तुमचं की पूर्वी रिटर्न भरून दिलेल्या माणसाचं, हे आजच पाहून घ्या. आणि अशा कुठल्याही मेलमधल्या लिंकवर टिचकी न मारता, स्वतः पोर्टलवर जाऊन तीच नोटीस तिथे आहे का ते बघा. परताव्याच्या नावाने फसवे मेसेज येतात.

यांतल्या कशासाठीही पणजीला पाटोवरच्या आयकर भवनात जायची गरज नाही. रिटर्न बेंगळुरूला प्रोसेस होतं.

३१ डिसेंबर उलटल्यावर उरतं ते अपडेटेड रिटर्न, कलम १३९(८ए) चं. २०२५ च्या वित्त कायद्याने त्याची मुदत निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिने केली आहे. मात्र ते जास्तीचा कर भरण्यासाठीच आहे. परतावा मागायला, परतावा वाढवायला किंवा कर कमी करायला चालत नाही, आणि एका वर्षासाठी एकदाच भरता येतं. कर आणि व्याज यांच्या वर पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के जादा भरावे लागतात. कर आणि व्याज मिळून २०,००० होत असतील तर पहिल्या वर्षात एकूण २५,०००, दुसऱ्यात ३०,०००. जुन्या वर्षातलं भाडं किंवा जमिनीचा नफा दाखवायचा राहिला असेल तर थांबून काही मिळत नाही, आकडा चढतच जातो.

मग मागच्या वर्षांत पत्नीचं रिटर्न कधीच भरलं नाही आणि टीडीएस तसाच पडून राहिला, त्यांचं काय? त्यांना अपडेटेड रिटर्नचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो, आणि १ कोटीपर्यंतच्या दाव्यावर प्रधान आयकर आयुक्त निर्णय देतात. उशीर का झाला याचं खरं आणि पटणारं कारण लिहावं लागतं. आजारपण असेल तर हॉस्पिटलचे कागद लावा. लग्न नोंदणीचा दाखला, त्या वर्षाचं दोघांचं २६एएस, बँकेची व्याजाची प्रमाणपत्रं आणि पतीने त्या वर्षी भरलेल्या रिटर्नची प्रत सोबत जोडा. पतीने त्या वर्षी सगळं व्याज आणि सगळा टीडीएस स्वतःच्याच नावावर दाखवला असेल तर पत्नीचा एकटीचा अर्ज टिकत नाही. त्या वर्षाची वाटणी दोघांच्या कागदांवर जुळवून दोघांचेही अर्ज बरोबरच द्यावे लागतात.